उर्सिनाचा भिलाईतला कोच

१ जानेवारी, सकाळी
आजपासून राग बंद. एकदम बंद. बीपी एकशे सत्तरवर गेला म्हणून डॉक्टरनं गोळी दिली आणि म्हणाला, राग आला की बोलायचं नाही, हात उचलायचा नाही, डायरीत लिहायचं. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, मले राग येतच नाही, लोकं चुकतात. तो हसला. कावून हसला असेल? बाहेर येऊन त्याच्या स्टुलाले एक लात हाणली. स्टूलच कच्चं होतं.

बायकोनं, कमलिनीनं पण नोटीस दिली आहे. घरातली आता एक जरी वस्तू फुटली तर ती चालली वर्ध्याले, भावाकडे. मी म्हटलं, जा ना. मग मनातल्या मनात म्हटलं, नको.

१ जानेवारी, संध्याकाळी
टीव्हीचा रिमोट. फुटला नाही, फक्त सेल बाहेर आले. एक सेल सापडला नाही. याले फुटणं म्हणत नाहीत.

१२ जानेवारी
टेनिस क्लबचे सेक्रेटरी मारोतराव घरी आले. फेब्रुवारीत भिलाईत पोरींची इंटरनॅशनल टेनिस टूर्नामेंट आहे. छोटी आहे, पण जगातून पोरी येऊन राहिल्या. सगळ्यायले हॉटेल परवडत नाही, म्हणून काही घरी एकेक पाहुणी. त्यायनं कमलिनीले विचारलं, मले नाही. ती लगेच हो म्हणाली. माझं डोकं फिरणारच होतं, तेवढ्यात मारोतराव म्हणाले, तुमच्याकडे स्वित्झर्लंडची देतो. मग मी त्यायले बसवून चहा पाजला.

आमच्या पोरीनं, समृद्धीनं, मोबाईलवर माहिती काढली. आईले दाखवली, मी मागून पाहिली. नाव उर्सिना फेल्बर. एकोणिसाव्या वर्षी जगात एकशेबारा नंबर. मोठ्या कोर्टावर मोठ्या पोरीले तीन सेट रगडलं होतं. मग खांद्याचं ऑपरेशन, मग परत ऑपरेशन. आता वय अठ्ठावीस, नंबर चारशेच्या पार. तिनं जाहीर करून ठेवलं आहे की हा सीझन शेवटचा. भिलाईत फायनलपर्यंत गेली तर वरच्या टूर्नामेंटात घेतील, खेळ चालू. नाही तर बहिणीच्या दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणार.

तिचे व्हिडिओ पाहिले. फोरहँड एकदम बढिया. पण एकदाही ओरडत नाही. मॅच हारली की टॉवेलची घडी करते. घडी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोग इथंच आहे. आमच्या ब्लास्ट फर्नेसमधी पहिला धडा हाच, भट्टी थंडी पडू द्यायची नाही. थंडी पडली की आतला माल जमून बसते, मग फोडून काढावा लागते. एकतीस वर्षं मी हेच करून राहिलो. या पोरीची भट्टी थंडी पडली आहे. पेटवावी लागेल.

बाकी, खरा प्लॅन वेगळाच आहे. समृद्धी. दोन वर्षं झाली, तिनं रॅकेट हातात धरली नाही. स्टेटपर्यंत खेळली होती, ते पण माझ्याच कोचिंगवर. सोडली कावून, तर म्हणे अभ्यास. घरात खरी इंटरनॅशनल प्लेअर दिसली की पोरगी आपोआप येईल आणि म्हणेल, चला बाबा, खेळू. हे मी कोणाले सांगतलं नाही.

१९ जानेवारी
राग कंट्रोलमधी. फक्त एक ऑटोवाला. हुडकोच्या वळणावर त्यानं कट मारली, मी त्याची चाबी काढून नालीत फेकली. हात नाही लावला. हात त्यानं लावला. माझा चष्मा गेला. कमलिनीले सांगतलं की पाय घसरून पडलो. चष्मा घराबाहेर फुटला, म्हणून नोटिशीत येत नाही.

२ फेब्रुवारी
उर्सिना आली. दारात वाकून आत यावं लागलं एवढी उंच. खांद्यावर टाक्यांचा लांब वण. कमलिनीनं पाटोडीचा रस्सा केला होता. नाकाडोळ्यातून पाणी काढत खाल्ला आणि परत मागितला. मले ही पोरगी आवडली.

ती इंग्लिशमधी बोलते, समृद्धी मराठीत सांगते. दोन वर्षांत ताटावर बसून समृद्धी एवढी कधी बोलली नव्हती. मी बी उत्साहात माझी कोचिंगची पद्धत सांगतली. राजनांदगावचा किस्सा सांगतला. समृद्धी तिथं सेमीफायनल हारली, तर मी येताना तिले हायवेवर स्कूटरवरून उतरवून दिलं. म्हटलं, पळत ये, मी हळूहळू पुढं चालवतो. फिटनेससाठी. रॅकेट त्याच दिवशी डिव्हायडरले लागून तुटली. लावली मीच, पण तिले आधीची क्रॅक होती.

हे समृद्धीनं इंग्लिशमधी सांगतलंच नाही. ताट उचलून आत गेली. उर्सिना माझ्याकडे पाहत राहिली. नंतर दोघी गच्चीवर लय वेळ बोलत होत्या. फोरहँडबद्दल असेल.

३ फेब्रुवारी
कोच झालो! कागदोपत्री!

झालं असं की उर्सिनाचा जुना कोच दिवाळीच्या सुमारास सोडून गेला. क्लबचा गार्ड माझी गाडी कोर्टापर्यंत जाऊ देत नव्हता, बॅज पाहिजे म्हणे. मी त्याची कॉलर धरली, तर उर्सिना ऑफिसात गेली आणि कोच म्हणून माझं नाव लिहून आली. नुसतं गाडीपुरतं, असं समृद्धीनं मले दोनदा सांगतलं. पण बॅजवर फोटो आहे, खाली ‘कोच’ आहे आणि नाव आहे सुशील गावंडे. गळ्यात घालूनच झोपलो.

शेजारच्या धम्मपालले दाखवला. आम्ही दोघं वीस वर्षं युनियनमधी संग होतो. तो या टूर्नामेंटमधी लाइनवर उभा राहणार आहे, बॉल आत की बाहेर सांगायले. तो म्हणाला, सांभाळून राह्य सुशील, कोचनं राडा केला तर सजा प्लेअरले होते. मी म्हटलं, काहीच्या काही. प्लांटात चार्जशीट ज्याची त्याले. एवढ्या चार्जशीटी लढलो, एकाची दुसऱ्याच्या गळ्यात पडलेली कधी पाहिली नाही. याले नियम माहीत नाहीत आणि चालला लाइनवर.

४ फेब्रुवारी
सकाळीच रुआबांध्याच्या मैदानावर नेलं. समृद्धी सांगायले सोबत. म्हटलं, दुश्मन डोळ्यासमोर आण आणि ओरड. उर्सिनानं विचारलं, कोणता दुश्मन? आता हे का विचारणं झालं! मीच करून दाखवलं. तिची रॅकेट घेतली आणि गोलपोस्टच्या पाइपावर हाणली. चार ठोक्यात तुकडे. मैदानावरची पोरं पळून गेली, म्हणजे जोर बरोबर लागला. मग म्हटलं, आता तू.

तिनं टॉवेल काढला आणि घडी करू लागली. माझे हात शिवशिवले. टॉवेल ओढला आणि मधातून फाडला. रागावून नाही, समजावून सांगायले.

तिच्याकडे आता दोन रॅकेटी आहेत. दोन पुरतात. परतताना दोघी गाडीत बसल्या नाहीत, पायी आल्या. वॉर्म-अप चांगला.

६ फेब्रुवारी
पहिली मॅच. मी जाऊ शकलो नाही. सकाळी गीझर लागेना, म्हणून बाथरूमच्या भिंतीले एक बुक्की दिली. टाइल शाबूत, उजव्या हाताचं हाड गेलं. दिवसभर प्लास्टर. वस्तू फुटली नाही, हे कमलिनीच्या लक्षात आणून दिलं.

उर्सिना सहा-दोन, सहा-तीन जिंकली. रुआबांध्याच्या क्लासचा असर.

७ फेब्रुवारी
दुसरी मॅच. सुट्टी मिळाली नाही. शिफ्ट इंचार्जशी थोडी चर्चा झाली. चर्चेत त्याचा कप खिडकीतून बाहेर गेला. उर्सिना तिकडं तीन सेटमधी जिंकली. मी हजर नसताना जिंकून राहिली, म्हणजे मी शिकवलेलं अंगात किती मुरलं ते पाहा.

आणि मोठी बातमी. समृद्धी मॅच पाहायले गेली होती. घरी आली ती तोंड लालेलाल करून आईले सांगत होती, असा बॅकहँड, तसा बॅकहँड, मधोमध उभी राहून पोळपाटानं दाखवत होती. मी दारात आलो तर पोळपाट खाली ठेवला. प्लॅन चालू आहे.

८ फेब्रुवारी
क्वार्टरफायनल. मी हजर. युनियनचे पाच-सहा जुने गडी संग नेले. उर्सिना सर्व्हिस टाकायले गेली की आम्ही घोषणा देत होतो. समोर थायलंडची नाजूक पोरगी, ती पहिल्याच गेममधी रडकुंडीले आली. वर उंच खुर्चीवर कलकत्त्याचा अंपायर. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, कोचले वॉर्निंग. मी म्हटलं, लेखी द्या. मी परत ओरडलो, तर उर्सिनाचा एक पॉइंट कापला. साधा हिशेब पाहा. ओरडलो मी, कापला तिचा. असा कोणता कायदा असते? सेट गेला.

धम्मपाल लाइन सोडून आला, माझा दंड धरून मले चहाच्या टपरीमागं ओढत नेलं. म्हणाला, पोरगी मरून राहिली तुह्यापायी. मी त्याले नुसतं बाजूले केलं. बाजूले उकळतं पातेलं होतं, त्यात माझा काय दोष? त्याची मांडी चांगलीच पोळली. असा बोंबलला की कोर्टावरचा खेळ थांबला.

खेळ परत सुरू झाला आणि मी बाहेर होतो तेवढ्या वेळात उर्सिना दोन सेट काढून मॅच जिंकली. मी बाहेर गेल्यानं समोरची गाफील राहिली. याले स्ट्रॅटेजी म्हणतात. धम्मपाल फोन उचलत नाही.

९ फेब्रुवारी, सकाळी
आज सेमीफायनल. जिंकली की फायनल, फायनल म्हणजे खेळ चालू. उर्सिनानं समृद्धीकडून निरोप दिला की आज तुम्ही येऊ नका, प्लीज. पोरगी समजदार आहे, माझ्या बीपीची काळजी करते. मी जाणारच.

९ फेब्रुवारी, पोलीस ठाण्यातून आल्यावर
जसं झालं तसं लिहितो.

शपथ, पाच-पाचपर्यंत मी तोंड उघडलं नाही. दात ओठ खात बसलो होतो. मग उर्सिनानं एक फोरहँड मारला, लाइनीवर, माझ्या डोळ्यादेखत. नवीन लाइनवाला म्हणाला, बाहेर. उर्सिनानं एकदा विचारलं आणि मान हलवून परत सर्व्हिसले गेली. भांडलीच नाही! मले कोणी मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

मी हाक दिली. गडी जाळीवरून आत उड्या टाकून आले आणि आम्ही अंपायरच्या खुर्चीले घेराव घातला. प्लांटात असाच घेराव घालत होतो, मोठे साहेब खाली येत, वार्ता करत, मार्ग निघत. हा म्हणाला, खाली येणार नाही. मी म्हटलं, मग आम्ही आणतो. खुर्चीचा पाय धरून हलवला. नुसता हलवला. एवढी उंच खुर्ची, तिचे पाय जमिनीत पक्के नको? तो खुर्चीसकट माझ्या समोर पडला, त्याचा डावा हात खाली आला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यायनं ऐकला.

मग समोरच्या पोरीचा कोच माझ्या अंगावर आला. माझा एक हात प्लास्टरमधी. डाव्या हाताले बाकावरची रॅकेट लागली, ती त्याच्या तोंडावर हाणली. दोनदा. पहिल्यांदा नाक, दुसऱ्यांदा दात. रॅकेट वाकडी झाली. ती उर्सिनाची होती, हे मले नंतर कळलं. त्यानं खाली पाडून माझ्या बरगड्यात लाता घातल्या, गड्यायनं त्याले ओढलं, कोणाच्या तरी बुटाखाली माझा कान आला. रक्ताची चव खारट लागते.

पोलीस आले. वॉकीटॉकीवाला मोठा अधिकारी आला आणि म्हणाला, कोचनं मारहाण केली, म्हणून उर्सिना फेल्बर बाद. मॅच खतम.

मी म्हटलं, “मले काढा ना! पोरीले कावून?”

उर्सिना चालत आली. पोलिसायनं मले धरलं होतं. तिनं माझ्या गळ्यातला बॅज काढला, फीत नीट गुंडाळली आणि अधिकाऱ्याच्या हातात दिली. त्यापेक्षा कानाखाली जाळ काढला असता तर बरं झालं असतं.

जामिनाले धम्मपाल लंगडत आला. कमलिनी आली नाही.

१० फेब्रुवारी
उर्सिनाचं करिअर भिलाईत संपलं, असं समृद्धी फोनवर कोणाले तरी सांगून राहिली होती. अशा मोठमोठ्या गोष्टी पोरी सहज बोलतात. मी उर्सिनाले पुढच्या वर्षाचा प्लॅन द्यायले तिच्या खोलीत गेलो. बरगड्या दुखत होत्या तरी गेलो. ती बॅग भरत होती. समृद्धीले म्हणाली, तुह्या बाबाले सांग. मग जे बोलली ते समृद्धीनं मराठीत सांगतलं, माझ्याकडे न पाहता.

“माझा पहिला कोच माझा बाप होता. हारले की तो मले गाडीत मारायचा. कोर्टावर माझे हात कापायचे, ते कोणाले दिसू नये म्हणून मी टॉवेलची घडी करायले शिकले.”

सांगताना समृद्धीचाच आवाज कापत होता. मी विचार केला. म्हणजे बापानंच एकशेबारा नंबरपर्यंत नेली होती. बाप सुटला आणि खेळ खाली आला. हे मी बोलून दाखवणार होतो, पण समृद्धी रडत होती आणि उर्सिना तिच्या केसांवरून हात फिरवत होती. समृद्धी लहान होती तेव्हा मी तसा हात फिरवत होतो. केव्हा बंद झालं, आठवत नाही.

जाताना तिनं उरलेली एक रॅकेट समृद्धीले देऊन टाकली. आता दातांचा दवाखाना.

११ फेब्रुवारी
कमलिनी समृद्धीले घेऊन गेली. वर्ध्याले नाही, इथंच जुनवानीले, तिची बहीण कांताकडे. जुनवानी जवळ आहे, म्हणजे राग कमी आहे. मी गेटपर्यंत मागं गेलो, विचारलं, घरातली एक वस्तू फुटली नाही, मग कावून?

ती म्हणाली, “तुम्ही वस्तूच मोजत बसलात.”

याचा अर्थ नंतर पाहू. घरात आता कोणी नाही, शांतता आहे, बीपीसाठी चांगलं. जेवणाचं ताट भिंतीवर मारलं. आता नोटीस लागू नाही. वरण पुसायले पण कोणी नाही.

२४ फेब्रुवारी
क्लबनं जन्मभराची बंदी घातली. प्लांटातून सस्पेन्शनचा कागद आला. केस मार्चमधी लागेल. हे सगळं मले एकट्याले, दुसऱ्या कोणाले नाही. याले म्हणतात नियम.

उर्सिनाले मोबाईलवर मेसेज टाकला, कमबॅकचा पूर्ण प्रोग्राम, आहारासकट. तिनं मले ब्लॉक केलं. खांद्याले आराम देऊन राहिली असेल.

९ मार्च
धम्मपाल कुंपणापलीकडूनच बोलते आता. म्हणाला, समृद्धी रोज संध्याकाळी क्लबमधी खेळून राहिली. उर्सिनाची रॅकेट घेऊन.

बघा! मी काय लिहिलं होतं? पोरगी खेळू लागली! प्लॅन शंभर टक्के पास! आनंदानं दरवाज्यावर डोकं आपटलं. उद्या जातो, तिचा बॅकहँड पाहतो. ती मनगट उशिरा फिरवते, ते माझ्याशिवाय कोणाले दिसणार?

१० मार्च
क्लबच्या गेटवर गार्डनं अडवलं. तोच, ज्याची मी कॉलर धरली होती. त्यानं लाठी आडवी केली. मी हात उचलला. मग खाली घेतला. तो म्हणाला, साहब, आपकी बेटी ने ही बोला है, पापा दिखे तो मैं नहीं खेलूँगी.

असं कोणी काही बी बोलते.

मागच्या बाजूनं गेलो, जिथं क्लबची भिंत आणि नाली आहे. भिंत उंच, आतलं काही दिसत नाही. पण आवाज येते. समृद्धीचा बॅकहँड मी आवाजावरून ओळखतो. मनगट उशिराच फिरवत होती. मी छाती भरून ओरडायले तोंड उघडलं, आणि ती हसली. बॉल नेटमधी गेला असेल, त्यावर हसली. चुकली आणि हसली! माझ्या कोचिंगमधी ती कधी हसली नव्हती. मी तोंड मिटलं.

किती वेळ उभा होतो माहीत नाही. मग एक बॉल भिंतीवरून इकडं आला आणि नालीच्या काठाले थांबला. मी तो शर्टानं पुसला. उजवा हात अजून वळत नाही, डाव्यानं फेकला. भिंतीले लागून परत आला. दुसऱ्यांदा फेकला तो गेला आत.

आतून आवाज आला, “थँक्यू, अंकल!”

समृद्धीचा आवाज. खुशीतला, मोकळा. मले एवढ्या गोडीनं ती लय दिवसांत बोलली नव्हती. मी म्हणणार होतो, बेटा, मी आहे, बाबा. पण म्हटलं असतं तर तिकडचा आवाज बंद झाला असता. म्हणून नाही म्हटलं.

परत टप-टप सुरू झालं. अंधार पडून लाइटी लागेपर्यंत मी तिथंच उभा होतो, पण दुसरा बॉल काही आला नाही.